गॅदरिंगचं गाणं निवडताना

डिसेंबर उजाडला की सोलापुरातल्या साऊंडवाल्यांचे फोन वाजायला लागतात. लग्नाच्या तारखा असतातच, पण या दिवसांत शाळांच्या तारखा त्यांच्या बरोबरीने येतात. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन, त्याला लागूनच सिद्धेश्वराचा अक्षता सोहळा आणि होम मैदानावरची गड्ड्याची यात्रा, पुढे प्रजासत्ताक दिन आणि मग दहावी-बारावीच्या परीक्षा. या सगळ्याच्या फटीत गॅदरिंग बसवायचं असतं. परदेशात शाळेची एक खास नाचाची संध्याकाळ असते, तशी आपल्याकडे नाही. आपली मुलं नाचतात ती गॅदरिंगच्या स्टेजवर, नवरात्रात शाळेच्या मैदानातल्या दांडियात, शाळेच्या गणपतीपुढे आणि दहावीच्या निरोप समारंभानंतर मिळणाऱ्या अर्ध्या-पाऊण तासात.

या प्रत्येक ठिकाणी गाणं कुणीतरी निवडलेलं असतं. कागदोपत्री ती निवड सांस्कृतिक विभागाच्या शिक्षकांची. प्रत्यक्षात मुलांनी मोबाइलवरच्या रील्समध्ये पाहिलेलं गाणं सुचवलेलं असतं, डान्स बसवणाऱ्या दादा-ताईंना त्याच्या स्टेप्स आधीच येत असतात, वर्गशिक्षकांना अभ्यासक्रम संपवायचा असतो, आणि पेनड्राइव्ह कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आपल्या हातात पडतो. म्हणून साऊंडच्या टेबलामागे बसलेल्या माणसाची जबाबदारी मोठी आहे. गाणं आणि मुलं यांच्यामध्ये उभा असलेला शेवटचा मोठा माणूस तोच असतो. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि त्याला बोलावणाऱ्या बाईंसाठी, सरांसाठीही.

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वरातीत वाजणाऱ्या गाण्याच्या शब्दांकडे कुणाचं लक्ष नसतं, लोक ठेक्यावर नाचून मोकळे होतात. शाळेच्या स्टेजवर मात्र तेच गाणं तिसरीतली मुलगी अभिनय करून दाखवते. शब्द कमरेचे असतील तर ती कमरेवर हात ठेवते, नशेचे असतील तर पाचवीतला मुलगा बाटली तोंडाला लावल्याचा आविर्भाव करतो. त्यांना त्याचा अर्थ कळत नाही, पण समोर बसलेल्या प्रत्येकाला कळतो. शिवाय दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ कुणाकुणाच्या स्टेटसवर असतो, यावर आपला ताबा नसतो. टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धांमध्ये लहान मुलांकडून मोठ्यांच्या सिनेमातल्या स्टेप्स करून घेतल्या जातात, हे पाहून केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला जून २०१९ मध्ये वाहिन्यांना संयम पाळण्याची सूचना द्यावी लागली होती. शाळेला कुणी अशी सूचना देत नाही. ती आपण स्वतःला द्यायची.

म्हणून गाणं हाती आलं की एकच प्रश्न विचारा : या गाण्यातला ‘मी’ कोण आहे, आणि तो कुणाशी बोलतोय? पाठलाग करणारा तरुण आहे? पुरुषांच्या मैफलीत उभी असलेली बाई आहे? दारूच्या टेबलावरचा दोस्त आहे? की शेतकरी, कोळी, वारकरी, सैनिक, पावसात भिजणारं पोर आहे? तो ‘मी’ समोरच्या मुलाच्या किंवा मुलीच्या तोंडी शोभत असेल तर गाणं घ्या. नसेल तर ठेका कितीही झकास असला तरी सोडा. नवं-जुनं, मराठी-हिंदी, फिल्मी-बिगरफिल्मी या वाटण्यांपेक्षा ही कसोटी जास्त कामाची आहे.

या कसोटीवर आपल्याच जिल्ह्याचं एक गाणं लावून पाहू. ‘सैराट’ २०१६ मध्ये आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, चित्रीकरणही करमाळ्याच्या परिसरातलं. तेव्हापासून सोलापूरच्या पोरांना अजय-अतुलचं ‘झिंगाट’ हक्काचं वाटतं, आणि ते रास्त आहे. त्या गाण्यातला ‘मी’ प्रेमाची झिंग चढलेला तरुण आहे. दहावीच्या निरोप समारंभात सगळा वर्ग एकत्र उड्या मारतोय, तेव्हा ते लावायला माझी हरकत नाही. त्या वयाच्या मुलांना त्यातला आनंद कळतो आणि तिथे कुणी अभिनय करत नसतं. दुसरीच्या मुलांना नवरा-नवरी किंवा प्रियकर-प्रेयसी बनवून तेच गाणं स्टेजवर बसवायला मात्र माझा ठाम विरोध आहे. गाणं तेच असलं तरी वय वेगळं आहे, आणि स्टेजवर सादर करणं वेगळं, मोकळं नाचणं वेगळं.

आता पूर्ण गाणं ऐकण्याबद्दल. हे काम डोळे मिटून, हेडफोन लावून, मुखड्यापासून शेवटच्या आवर्तनापर्यंत करायचं असतं. मुखडा सगळ्यांना पाठ असतो. गडबड असते ती दुसऱ्या अंतऱ्यात किंवा मधल्या रॅपमध्ये. सरांनी मूळ गाणं ऐकून मंजुरी दिलेली असते, पण पेनड्राइव्हमध्ये आलेलं असतं ते कुणाच्या तरी नावाचं रिमिक्स, आणि त्यात मध्येच सिनेमातला संवाद, शिवी किंवा एखाद्या ‘भाई’चं नाव घुसडलेलं असतं. फाइलचं नाव ‘न्यू फायनल टू’ असलं म्हणजे आत काय आहे हे कळायला ऐकण्यावाचून दुसरा मार्ग नाही. ऐकताना वर्गशिक्षकांना शेजारी बसवा, शब्द समजला नाही तिथे थांबवा, मागे घ्या, परत ऐका. तीन मिनिटांच्या गाण्याला दहा मिनिटं लागतात. पंधरा-वीस नाच असलेल्या कार्यक्रमाला एक दुपार जाते. ती दुपार ठरवूनच ठेवायला हवी.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. चित्रपटांच्या ‘यूए’ वर्गात आता ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे पोटभेद झाले आहेत. त्यांचा थोडा अंदाज येतो, पण तो दर्जा पूर्ण सिनेमाला मिळालेला असतो, एकट्या गाण्याला नाही. शिवाय आज मुलं नाचतात त्यातली बरीच गाणी सिनेमातली नसतातच, ती थेट इंटरनेटवर आलेली असतात आणि त्यांना कुणाचंच प्रमाणपत्र नसतं. काही अ‍ॅपवर आक्षेपार्ह शब्दांसाठी खूण असते, पण ती खूण नाही म्हणून गाणं स्वच्छ, असं समजू नका. द्व्यर्थी ओळीला कुठलंच अ‍ॅप खूण लावत नाही.

जुनं गाणं म्हणजे सोज्वळ, हाही एक गोड गैरसमज. ‘खलनायक’मधलं ‘चोली के पीछे’ १९९३ चं आहे. त्यावर तेव्हा देशभर वाद झाला होता. आज पालकांच्या पिढीला ते आठवणीतलं गाणं वाटतं, आणि ‘रेट्रो थीम’ म्हणून यादीत येतं. ‘रेट्रो’ या शब्दाखाली काय काय आत शिरतं, ते एकेक तपासा. दुसरं उदाहरण ‘कोंबडी पळाली’चं. २००६ च्या ‘जत्रा’ मधली ती चाल २०१२ मध्ये ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ होऊन गेली. दोन्हीचे संगीतकार अजय-अतुलच. चाल एक असल्यामुळे रिमिक्स करणारे एकातून दुसऱ्यात सहज शिरतात. मराठी ऐकून होकार दिलेल्या बाईंच्या समोर स्टेजवर हिंदी शब्द वाजू लागतात. दोन्हींपैकी एकही प्राथमिकच्या मुलांना देऊ नये असं माझं मत आहे, पण ढोलकी-संबळासारख्या वाद्यांवरचा नुसता तो ठेका घेऊन बालजत्रेचा नाच बसवायला काय हरकत आहे?

लावणीचा विषय सोलापुरात टाळता येत नाही, टाळूही नये. शाहीर राम जोशी सोलापूरचे. आपल्याच जिल्ह्यात अकलूजला लावणीच्या स्पर्धा होतात आणि तिथे घरंदाज बायका-मुलं सहकुटुंब बसून बघतात. लावणी शाळेत नकोच, असं म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांशी मी सहमत नाही. पण शृंगाराच्या बैठकीच्या लावणीतला ‘मी’ म्हणजे एक प्रौढ स्त्री, आणि ती समोरच्या पुरुषाशी बोलते. ते अकरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर घालायचं नाही. राम जोशींनीच उपदेशाच्या, अध्यात्माच्या लावण्याही लिहिल्या आहेत. तमाशातला गण आहे, गवळण आहे, वगातला विनोद आहे. ढोलकीचा तोडा घेऊन त्यावर पदन्यास दाखवता येतो. लावणी शिकवणाऱ्या बाईंना विचारलं तर नऊवारी, घुंगरू आणि ढोलकी या तिन्हींचा मान राहील असं काहीतरी त्या नक्की सुचवतात.

सोलापूरचं आणखी एक वैशिष्ट्य निवडीच्या वेळी कायम डोक्यात ठेवावं लागतं. इथे एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं शेजारी शेजारी बसलेली असतात. पूर्व भागातल्या शाळेत कार्यक्रम असेल तर प्रेक्षकांत तेलुगू मातृभाषा असलेले पालक असणारच, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड समजणारे असणार. त्यामुळे ‘साऊथचं गाणं आहे, कुणाला कळतंय’ ही सबब सोलापुरात चालत नाही. ‘पुष्पा’मधलं (२०२१) ‘ऊ अंटावा’ पुरुषांच्या नजरेबद्दल आहे. मोठ्यांसाठी त्यात विचार करण्यासारखं काही असेलही, पण सहावीच्या मुलींच्या नाचाला ते नको. याउलट ‘आरआरआर’मधलं ‘नाटू नाटू’ घ्या. चंद्रबोस यांचे शब्द, एम. एम. कीरवाणी यांचं संगीत, २०२३ मध्ये ऑस्कर. ते गाणं मुळात गावरान नाचाबद्दलच आहे. दोन मुलं, दहा मुलं, चाळीस मुलं, कितीही जण करू शकतात, मुलगे-मुली दोघांनाही जमतं, आणि दम लागेपर्यंत नाचल्याचा आनंद मिळतो. त्याचा वेग लहानग्यांना झेपत नाही, म्हणून पाचवीच्या खाली देऊ नका. भाषा येत नसेल तर ती येणाऱ्या पालकाला, शिपाईमामांना, स्वयंपाकघरातल्या मावशींना पाच मिनिटं बोलावून गाणं ऐकवा. त्यांनी ‘हे नको’ म्हटलं तर वाद घालू नका.

बरं, मग लावायचं काय? खरं तर सोलापूरच्या आसपास शाळेच्या नाचासाठी इतकं साहित्य पडलेलं आहे की रील्सकडे जायची गरज क्वचित पडावी. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात आहे. दिंडीच्या नाचाला टाळ, पखवाज, फुगडी, पावली सगळं आहे, आणि पारंपरिक अभंगापासून ‘लय भारी’मधल्या (२०१४) ‘माऊली माऊली’पर्यंत वाटेल तेवढी गाणी मिळतात. तेलुगू घरांतल्या बायका नवरात्रात फुलांची बतुकम्मा मांडून टाळ्यांच्या तालावर गोल फिरतात. ते मुलींच्या गटाला फार छान जमतं, आणि शिकवायला वर्गातल्याच एखाद्या मुलीची आजी येऊ शकते. सिद्धरामेश्वर स्वतः कन्नड वचनकार. त्यांच्या वचनांवर समूहनृत्य बसवलं तर यात्रेच्या दिवसांत ते अगदी जागेवर वाटतं. उर्दू शाळेत इक्बालांचा १९०४ चा तराना वर्षानुवर्षं गायला जातो, त्यावर बँडच्या चालीत कवायत-नृत्य होतं. बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेख यांच्या परंपरेतला पोवाडा आठवी-नववीच्या मुलांना द्या. पोवाड्यात नाच कमी आणि जोश जास्त असतो, त्यामुळे नाचायला लाजणारी मुलंही पुढे येतात.

लेझीमबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ते सोलापूरचं बलस्थान आहे आणि तिथे आपण साऊंडवाले हमखास नको तिथे हात घालतो. गणपतीच्या आधी महिनाभर गल्लोगल्ली मंडळांचा लेझीमचा सराव चालतो, त्यामुळे मुलांच्या पायात ते असतं. शाळेच्या लेझीमला रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावू नका. लेझीममध्ये वादक पुढच्या मुलाच्या शिट्टीकडे बघत असतो. रांग वाकडी झाली, एखाद्याची साखळी अडकली, की तो दोन आवर्तनं जास्त वाजवतो, मुलं सावरली की लय चढवतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. हलगीवाल्याला किंवा शाळेच्या ढोल-ताशा पथकाला स्टेजच्या कडेला उभं करा, मुलांना ते दिसतील आणि त्यांना मुलं दिसतील अशा जागी. हलगीला माइक लावायची गरज सहसा पडत नाही. बंद सभागृहात तर ती उघडीच भरपूर होते. त्या सहा-सात मिनिटांत आपलं काम फक्त फेडर खाली ठेवून बसणं. हे मी मनापासून सांगतो : गॅदरिंगमधला सगळ्यात जिवंत नाच बहुतेक वेळा तोच असतो.

बालवाडी आणि पहिली-दुसरीसाठी गाणं छोटं, संथ आणि कृतीचं हवं. ‘नाच रे मोरा’ १९५३ च्या ‘देवबाप्पा’मधलं. शब्द गदिमांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचं, आवाज आशा भोसले यांचा. सत्तर वर्षं उलटून गेली तरी बालवाडीच्या बाई ते सोडत नाहीत, कारण त्यात मोर आहे, ढग आहे, पाऊस आहे आणि प्रत्येक गोष्टीला एक हातवारा आहे. साडेचार वर्षांच्या मुलाला अडीच मिनिटांपेक्षा जास्त स्टेजवर ठेवू नका. लांबलचक सुरावट असेल तर कापा, कारण ती वाजत असताना मुलं आईला शोधायला लागतात आणि एक रडलं की सगळी रडतात. लहान मुलांना ठेका ऐकून हालचाल करायला वेळ लागतो, म्हणून डान्सवाल्या ताईंनी गाण्याचा वेग वाढवून आणला असेल तर मूळ वेगातलं मागून घ्या.

कापण्याची गोष्ट निघालीच आहे तर तेही सांगतो. गाणं चांगलं आहे पण एक अंतरा नको आहे, असं पुष्कळदा होतं. तेवढ्यासाठी गाणं फेकायचं नाही. ‘ऑडासिटी’सारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. आपली बहुतेक नाचाची गाणी केरव्याच्या आठ मात्रांत असतात. कट नेहमी समेवर घ्या, म्हणजे अंतऱ्याच्या आधीच्या शेवटच्या मात्रेनंतर थेट पुढच्या मुखड्याची पहिली मात्रा. मात्रा मोजून कापलं तर नाचणाऱ्याचा पाय चुकत नाही आणि ऐकणाऱ्याला जोड कळत नाही. मात्रेच्या मध्ये कापलं तर चाळीस मुलांचा पाय एकदम हवेत राहतो. आक्षेपार्ह शब्दावर ‘बीप’ टाकू नका. बीपमुळे सगळ्या सभागृहाचं लक्ष नेमकं तिथेच जातं आणि पोरं तो शब्द ओरडून पूर्ण करतात. कापलेला ट्रॅक शिक्षकांकडे निदान आठवडाभर आधी परत जायला हवा, कारण मुलांना नव्या लांबीवर सराव करायचा असतो. फाइलला क्रमांक, इयत्ता आणि वेळ यांचं नाव द्या, उदाहरणार्थ ‘०७ पाचवी ब कोळीगीत ३.१०’. यूट्यूबवरून थेट वाजवू नका. नाच रंगात आलेला असताना जाहिरात सुरू होते, आणि ती कशाची असेल ते आपल्या हातात नसतं. लॅपटॉप आणि फोन दोन्ही एअरप्लेन मोडवर.

काही गाण्यांत अश्लील काहीच नसतं, तरी ती शाळेत नकोत. जातीचा माज सांगणारी, टोळीची किंवा गुन्हेगाराची आरती ओवाळणारी, एखाद्या पुढाऱ्याच्या नावाची, दुसऱ्या धर्माला डिवचणारी. जयंतीच्या मिरवणुकीत वाजलेला ट्रॅक मुलं जसाच्या तसा घेऊन येतात. छत्रपती शिवाजी महाराज, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, अण्णा भाऊ साठे यांच्यावरची गाणी शाळेत वाजलीच पाहिजेत, पण मूळ गीत घ्या, मिरवणुकीतलं घोषणांचं रिमिक्स नको. काळा रंग, जाडेपणा, बुटकेपणा यांची टर उडवणारी गाणीही बाजूला ठेवा. वर्गात ज्याला त्या नावाने चिडवतात, तो मुलगा त्याच सभागृहात बसलेला असतो. आणि मुलगी नाही म्हणतेय तरी मुलगा मागे लागलाय, शेवटी ती हसते, असल्या गाण्यांची आपल्याकडे रेलचेल आहे. आठवी ते दहावीच्या वर्गात त्यांचा परिणाम दारूच्या गाण्यांपेक्षा वाईट होतो, असं मला वाटतं, कारण ती गोड वाटतात.

निरोप समारंभानंतरचा मोकळा नाच ही खरी कसोटीची वेळ. तिथे यादी नसते, तिथे पोरं टेबलाला येऊन चिकटतात : ‘दादा, एकदाच लावा की!’ फर्माईश बंद करू नका, ती आधी घ्या. दोन दिवस अगोदर वर्गात कागद फिरवून गाणी लिहून मागवा, ती शिक्षकांसोबत ऐका, चाळीस आली तर पंधरा ठेवा. मग ऐनवेळी कुणी दुसरं मागितलं तर सरळ सांगता येतं की आज यादीतलंच वाजणार. नुसतं ‘नाही’ म्हणू नका. त्याच वेगाचं, तशाच ठेक्याचं दुसरं गाणं तयार ठेवा आणि लगेच लावा. मुलांना बहुतेक वेळा ते नेमकं गाणं नको असतं, तो वेग हवा असतो. कुणाचाही मोबाइल ब्लूटूथला जोडू देऊ नका, शिक्षकांच्या मुलाचाही नाही.

अशा नाचात पहिल्या दहा मिनिटांत मुलगे पुढची जागा व्यापतात आणि मुली भिंतीकडे सरकतात. हे गाण्यानेच बदलता येतं. उडत्या गाण्यानंतर गरबा, कोळीगीत किंवा फुगडीची चाल लावा. गोल धरावा लागतो, हात धरून फिरावं लागतं, मग मुली आपोआप मधे येतात आणि गोल त्यांच्या ताब्यात जातो. त्यानंतर पुन्हा सगळ्यांचं गाणं. शेवटची दोन गाणी सगळ्यांना पाठ असलेली आणि जरा संथ हवीत, म्हणजे मुलं गात गात थांबतात. ऐन भरात आवाज तोडून कार्यक्रम संपवला तर बाहेर पडताना धक्काबुक्की होते.

आवाजाचं काय करायचं, यावर सोलापुरात गेली काही वर्षं बरंच बोललं जातंय. डीजेमुक्त मिरवणुकीची मागणी इथल्या नागरिकांनी लावून धरली आहे, आणि आपल्या धंद्यातल्या माणसांना ती टोचत असली तरी मुलांच्या कानांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं आहे. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कामगारांसाठी मानली गेलेली मर्यादा, आणि दर ३ डेसिबल वाढले की ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ही मोठ्यांची गोष्ट झाली. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना याहून कमी, ७५ डेसिबलच्या आसपासची पातळी सुचवते. मोबाइलवरचं आवाज मोजण्याचं अ‍ॅप तंतोतंत नसतं, पण अंदाज देतं. पहिल्या रांगेत बसून मोजा, कारण बालवाडीची मुलं तिथेच सतरंजीवर बसलेली असतात, बऱ्याचदा बेसच्या खोक्यापासून चार हातांवर. टॉप त्यांच्या डोक्यावरून जातील इतक्या उंचीवर ठेवा, बेस बाजूला घ्या. पत्र्याच्या शेडखाली बेस अर्ध्यावर आणला तरी चालतो. लेझर लाइट मुलांच्या कार्यक्रमात अजिबात नको.

कायद्याचं थोडक्यात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. तिथली दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. उघड्यावर रात्री १० नंतर लाऊडस्पीकर नाही. म्हणून मैदानावर कार्यक्रम असेल तर पोलिसांची परवानगी शाळेने घेतली आहे का, ते तारीख घेतानाच विचारा. गाण्यांच्या हक्काबद्दल शाळा घाबरलेल्या असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळांना सवलत आहे. प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित लोकांपुरते असतील तर शाळेच्या कार्यक्रमात गाणी वाजवता येतात. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलं की ही सवलत गृहीत धरू नका.

राष्ट्रगीत आणि राज्यगीत यांच्या फाइल वेगळ्या ठेवा, नाचाच्या यादीत मिसळू नका. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, शब्दांसह, कुठलीही सजावट नसलेलं. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आहे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. त्याची ठरवून दिलेली दोन कडव्यांची आवृत्तीच वाजवा, डीजे मिक्स नाही. दोन्ही आधी एकदा पूर्ण वाजवून तपासा, कारण त्या वेळी सगळे सावधान उभे असतात आणि फाइल अडकली तर सावरायला जागा नसते.

शिक्षकांना एक विनंती. गॅदरिंगची तारीख ठरली की मंडपवाल्याच्या आधी साऊंडवाल्याशी बोला. गाण्यांची यादी आणि पूर्ण ट्रॅक निदान पंधरा दिवस आधी द्या, प्रत्येक नाचासमोर इयत्ता लिहा, आणि यादीखाली मुख्याध्यापकांची सही असू द्या. आणि साऊंडवाल्या बंधूंनो, सही असली तरी गाणं स्वतः ऐका. काही खटकलं तर ते कार्यक्रमाच्या दिवशी नको, ऐकलं त्याच दिवशी फोन करून सांगा. या हंगामात निदान एका शाळेबरोबर तरी असं काम करून बघा.